घराची पत

माझी पत खराब आहे, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बँकेच्या संगणकाने सांगितलं. एखाद्या माणसाने सांगितलं असतं, तर मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. आमच्या बाजारात माझं तोंड त्याबद्दल प्रसिद्ध आहे. पण संगणकाशी भांडता येत नाही. मॅनेजरसाहेबांनी त्याचा पडदा माझ्याकडे फिरवला. माझ्या नावापुढे तीन आकडी गुण होते, आणि ते नऊशेपैकी होते. इतके कमी गुण मी शाळेतही कधी मिळवले नव्हते, आणि शाळेत माझी गणना हुशारांत मुळीच होत नसे.

वर्ध्याच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. साडीवर जुळणारे ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकर. हिंगणीहून, सेलूहून, पार जाम गावाहून बाया साडी पिशवीत घालून येतात आणि मी पदराचं टोक पाहिलं न पाहिलं तोच बरोबर ठाण खाली काढतो. रामा हिरवा आणि मोरपंखी या रंगांतला फरक दिव्याच्या उजेडात ओळखणारा माणूस या जिल्ह्यात दुसरा नाही, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, मी फक्त नाही म्हणत नाही.

दुकान मात्र माझं नव्हतं. जागा लक्ष्मणरावांची, मी भाडेकरू. दोन हजार आठ सालच्या अक्षय तृतीयेला लक्ष्मणराव स्वतः दुकानात आले, गादीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हेमराज, मी आता पोराकडे चाललो पुण्याले. दुकान इकून राह्यलो. पयले तुले इचारतो." नागपूरचा एक मोबाईलवाला रोख पैसे घेऊन तयार होता, हेही त्यांनी सांगितलं. पण वीस वर्षं मी त्यांचं भाडं कधी चुकवलं नाही म्हणून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत ते थांबणार होते. त्यांनी शब्द दिला म्हणजे दिला. त्यानंतर मात्र माझ्या ठाणांच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकणार होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या जागेबाहेर मी कोण होतो, हे मला नीट सांगता आलं नसतं. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो.

आता माझी पत खराब कशी झाली, ते ऐका आणि न्याय तुम्हीच करा. काही वर्षांपूर्वी मी एका फायनान्स कंपनीकडून मोटरसायकलसाठी कर्ज घेतलं होतं आणि ते पै न् पै फेडलं होतं. फक्त आमच्या पद्धतीने फेडलं. आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदा येतो: कापूस विकला की एकदा आणि लग्नसराई आटोपली की एकदा. गिऱ्हाईक मला तेव्हा देतं, मी नागपूरला गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याला तेव्हा देतो, तो मला चहा पाजतो, पोरीबाळींची चौकशी करतो आणि पुढचा माल घालतो. दर महिन्याला थोडे थोडे पैसे कोणाकडून घेतात? ज्याचा भरवसा नाही त्याच्याकडून. त्यामुळे दर महिन्याच्या हप्त्याचा कागद मी मनावरच घेतला नाही. दिवाळीला कंपनीच्या ऑफिसात गेलो, साचलेले सगळे हप्ते एकदम मोजले, वर दंड मागितला तो व्याज समजून बिनतक्रार दिला, आणि स्टाफसाठी गोरसपाकाचा, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या प्रसिद्ध बिस्किटांचा, पुडा ठेवला. मधल्या काळात त्यांची स्मरणपत्रं येत. मला वाटे, काय अगत्याची माणसं आहेत, सारखी आठवण काढतात.

"तुम्ही पैसे बुडवले नाहीत," मॅनेजरसाहेब म्हणाले. मराठवाड्याकडचे सालस गृहस्थ होते. "पण एकही हप्ता तारखेला भरलेला नाही. सगळी नोंद मुंबईला, हे गुण देणाऱ्या कंपनीकडे, गेलेली आहे."

मी त्यांना म्हटलं, गोरसपाकाची नोंद गेली का? ती गेली नव्हती.

साहेबांनी उपाय सांगितला. लहानसं कर्ज घ्यायचं, तारखेला फेडायचं, वर्षभर असं वागायचं. जागेच्या किमतीतला आपला वाटा तोवर साठवायचा. मग बघू. म्हणजे मला दुकानासाठी कर्ज हवं होतं, ते मिळावं म्हणून आधी नको असलेलं कर्ज घ्यायचं होतं, आणि ते फेडताना पैसेही वाचवायचे होते. मी घरी येऊन हे बायकोला, कोकिळाला, दोनदा समजावून सांगितलं. तिला पहिल्याच वेळी समजलं होतं. दुसऱ्यांदा सांगण्याची गरज मलाच होती.

आम्ही राहतो बोरगाव मेघेत. तिथे शेजारी रामाजी. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक संकटावर एकच औषध सांगणारे: अर्ज. नळाला पाणी नाही, अर्ज. कुत्रं भुंकतं, अर्ज. माझी हकीकत ऐकून त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले की मुंबईची कंपनी झाली तरी शेवटी तिथे माणसंच बसलेली असणार, आणि माणसासमोर दाखले ठेवले की माणूस विचार करतो. मग आम्ही दाखले गोळा केले. व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी मी सचोटीचा असल्याचं लिहून दिलं. गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याने लेटरहेडवर माझी स्तुती केली. लक्ष्मणरावांनी तर मी निर्व्यसनी असल्याचंही घातलं, जे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यावर रामाजींनी 'महोदय' पासून 'विनंती विशेष' पर्यंत तीन पानी अर्ज चढवला आणि पार्सलात गोरसपाकाचे दोन पुडे टाकले. ते म्हणाले, कोरडा अर्ज बरा दिसत नाही.

महिनाभराने छापील उत्तर आलं. आपण आमच्या सेवेत रस दाखवल्याबद्दल आभार, अहवालाची प्रत हवी असल्यास शुल्क भरावे. गोरसपाकाबद्दल चकार शब्द नव्हता. रामाजींनी लगेच स्मरण-अर्ज सुचवला. मी हात जोडले.

इकडे कोकिळाने काटकसर सुरू केली होती. पहिला बळी मोटरसायकलचा गेला. जिच्यामुळे हे सगळं झालं ती गाडी परकराच्या कापडाखाली झाकून उभी राहिली आणि मी बोरगावहून बाजारात सायकलवर जाऊ लागलो. लोक विचारत, हेमराजभाऊ, सायकल काऊन? मी म्हणे, डॉक्टरने सांगितलं. मग ते विचारत, काय झालं? तेव्हा मला एक आजार ठरवावा लागला. मी साखर ठरवली. परिणामी बाजारात वर्षभर मला कोणी पेढा दिला नाही. केबल तोडली, दुपारचा चहा गेला, आणि संध्याकाळच्या जेवणात वरणाने इतकी पातळ मनःस्थिती धारण केली की मुलगी वर्षाली त्यात डाळ शोधायला चष्मा मागू लागली. पण एक सांगतो, त्या वर्षी आमच्या घरात कोणी कुरकुर केली नाही. याचा मला आजही अभिमान वाटतो.

कर्जाची सुरुवात मिक्सरने करायची ठरली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हप्त्यांची योजना होती. तिथल्या टेबलावर टाय लावलेला एक तरुण बसला होता. त्याने माझं नाव कुठेतरी फोनवर सांगितलं, थोडं ऐकलं आणि फोन ठेवून म्हणाला, "काका, तुमच्या नावावर नाही होणार." दुकानात तेव्हा माझी दोन गिऱ्हाइकं होती. त्यातल्या एका बाईला मी त्याच सकाळी उधारीवर दोन ब्लाऊजपीस दिले होते. तिने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, ती दया मी जन्मभर विसरणार नाही. मिक्सरही मिळू नये इतका मी खाली गेलो होतो.

तरुणाने विचारलं, घरात दुसरं कोणी आहे का? कोकिळा शेजारीच उभी होती. ती घरी फॉल-पिकोचं काम करते, आणि आमचे कराचे वकीलसाहेब बरीच वर्षं तिच्या नावाने वेगळं विवरण भरत आले होते. आमच्या बाजारातल्या बहुतेक घरांत तसं करतात. त्याने कर थोडा हलका होतो, बाकी त्याला काही अर्थ असतो असं कोणी समजत नाही. तिचं नाव फोनवर सांगितलं. पलीकडून लगेच होकार आला.

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. घर एक, चूल एक, रेशनकार्ड एक. आमच्याकडे पत माणसाची नसतेच, घराची असते. अमुक घरचा पोरगा आहे म्हटलं की व्यापारी ठाण उलगडतो. त्या पोराला तो ओळखत नसतो. तेव्हा कोकिळाने सही केली म्हणजे घराने केली, हप्ता गेला म्हणजे घराचा गेला, आणि गुण वाढतील ते घराचे, म्हणजे अर्थातच माझे. हा हिशोब इतका सरळ होता की तो कोणाला विचारून घ्यावा असंही मला वाटलं नाही.

मिक्सर घरी आला आणि मला चेव चढला. आता मुंबईला दाखवतोच, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी गल्ल्यातून पैसे काढले आणि सगळे हप्ते एकदम भरून आलो. पावती घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी डोक्याला हात लावला. कर्ज इतक्या लवकर मिटलं तर वागणूक कशावरून कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. उशिरा दिलं तरी दोष, लवकर दिलं तरी उपयोग नाही. वीस वर्षांच्या धंद्यात इतकं नाजूक गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं.

म्हणून मग कूलर घेतला, वर्षभराच्या हप्त्यांवर. पुन्हा कोकिळाच्याच नावाने. उन्हाळा अजून सरला नव्हता आणि वर्ध्याचं ऊन काय असतं ते वर्ध्यात राहिल्याशिवाय कळत नाही. पण कूलर लावला तर विजेचं बिल येणार, आणि बिल आलं तर बचत कशी होणार? तेव्हा कूलर बैठकीत ठेवला आणि आम्ही गच्चीवर झोपू लागलो. शेजारच्या प्रमिलाबाईंना हे बघवेना. टेम्पोतून वस्तू उतरताना त्या पाहत होत्या, आणि पातळ वरणाचा वासही त्यांना येत होता. दोन्हींचा मेळ बसत नसल्याने त्यांनी गल्लीत आधी आम्हाला गुप्तधन सापडल्याचं सांगितलं, आणि ते पटेना तेव्हा आमच्यावर करणी झाल्याचं सांगितलं. शेवटी त्या सरळ घरी आल्या आणि म्हणाल्या की कूलर चालवायचाच नसेल तर त्यांच्या बाळंतीण सुनेसाठी तरी द्या. कोकिळाने लगेच दिला. तो उन्हाळा हप्ते आमचे आणि वारा त्यांचा, अशी वाटणी राहिली.

पावसाळ्यात कोकिळा म्हणाली की कर्जच काढायचं तर कामाची वस्तू काढू, आणि तिने पिकोची नवी मशीन घेतली. आता दोन हप्ते झाले. दोन्ही भरायला तीच जात असे, कारण ऑफिस उघडतं तेव्हा मी दुकानात. पोळ्याच्या सुमारास गल्ला अगदी आटला. कापूस शेतात उभा, गिऱ्हाईक उधारीवर. मी तिला सहज म्हटलं, दोन महिने राहू दे, दिवाळीला एकदम देऊन टाकू. ती सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली.

"अजी, दिवाळीले देणं तुमच्या गांधीबागेत चालते. इथं तारखेले मंजे तारखेले."

त्या महिन्याचे दोन्ही हप्ते तिने फॉलच्या पैशांतून भरले. पोरांच्या तान्ह्या पोळ्याची सुट्टी मधे येत होती, म्हणून आदल्या दिवशीच जाऊन आली. मी मात्र बाजारात सांगत सुटलो की आपली पत आता सुधारून राहिली आहे, दर महिन्याला वर चढून राहिली आहे. कोणी विचारलं, कशावरून? तर मी म्हणे, आतून कळते.

दुसऱ्या वर्षी अक्षय तृतीया महिनाभरावर आली. आमचा वाटा जमला होता. लक्ष्मणरावांचं सामान बांधून झालं होतं आणि मोबाईलवाला दोनदा येऊन टेपने माझ्या दुकानाची भिंत मोजून गेला होता. दुसऱ्यांदा तर त्याने मलाच टेपचं टोक धरायला सांगितलं. मी धरलं. ती सगळ्यात वाईट दुपार होती.

आम्ही दोघं बँकेत गेलो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. निकालाला जाताना घालतात तसा. साहेबांनी माझं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला नाही. त्यावरूनच मी समजलो. गुण जिथल्या तिथे होते.

मी वर्षाचा पाढा वाचला. सायकल सांगितली, साखर सांगितली, वरण सांगितलं, गच्ची सांगितली. कूलरचे हप्ते, मशीनचे हप्ते, एक तारीख चुकली नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, हे हप्ते कोणाच्या नावाने होते? मी म्हटलं, घरच्याच. त्यांनी कोकिळाचं नाव विचारलं आणि टाकलं. मग त्यांनी पडदा फिरवला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"बाई, तुमची पत उत्तम आहे," ते म्हणाले. "तुमचं विवरणही आहे, कामही आहे. जागेसाठी कर्ज मी तुम्हाला देऊ शकतो. जागा तुमच्या नावावर घ्यावी लागेल. यांच्या नावाने होणार नाही. हे जामीनही राहू शकत नाहीत."

मला वाटलं, खुर्ची थोडी खाली गेली. मुंबईला घर माहीतच नव्हतं. तिथे प्रत्येक माणूस एकटा उभा होता, आणि मी वर्षभर ज्या पायरीवर चढतोय असं समजत होतो, तिच्यावर दुसरंच कोणी चढून गेलं होतं. खोटं कशाला सांगू, मला लागलं. वीस वर्षं ठाणं मी उचलली होती.

कोकिळा पडद्याकडे बघत होती. रेशनकार्डावर माझ्याखालच्या ओळीत असतं तेवढं सोडलं तर तिचं नाव असं छापलेलं तिने कुठे पाहिलं असेल, मला आठवेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि साहेबांना म्हणाली,

"साहेब, दुकानातलं यायलेच इचारा, थे मले जमत नाई. पन हप्ता मी भरन. तारखेले."

साहेबांनी मान हलवली. त्या एका वाक्यावर त्यांचा जेवढा विश्वास बसला, तेवढा माझ्या तीन दाखल्यांवर, तीन पानी अर्जावर आणि दोन पुडे गोरसपाकावर मिळून मुंबईचा बसला नव्हता. आणि माझ्या मनात जे लागलं होतं ते एकदम निवलं. ही माझी बायको होती. सबंध बाजारात जिच्या शब्दावर बँक पैसे देते अशी बाई कोणाच्या घरी होती? अध्यक्षांच्याही नव्हती. मी खुर्चीत सरळ बसलो.

परतताना तिने हळूच विचारलं, "तुमाले वाईट वाटलं का?"

"मले? काऊन?" मी म्हटलं. तिला खरं कळलं असणार, पण तिने वाटेत थांबून मला दुपारचा चहा पाजला. वर्षभरात पहिल्यांदा.

जामीन रामाजी राहिले. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. सल्ला देणारा माणूस सही द्यायची वेळ आली की बहुधा देवदर्शनाला निघतो. रामाजींनी कागद नीट वाचला. अर्जाचा नमुना बरा नाही म्हणाले, पण पेन काढलं.

"कोकिळासाठी सही करतो," ते म्हणाले. "तुह्यासाठी असती, त चार दिवस मांगितले असते."

अक्षय तृतीयेच्या तीन दिवस आधी आम्ही खरेदीखतासाठी रजिस्ट्री ऑफिसात उभे होतो. लक्ष्मणराव नव्या धोतरात आले होते आणि सारखे डोळे पुसत होते. म्हणत होते, धूळ फार. बाबूने खरेदीदाराला पुढे बोलावलं. कोकिळा पुढे गेली. बाबूने नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि मान खालीच ठेवून म्हणाला, "धंदा? घरकाम लिहू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "दुकानदार."

बाबूने लिहिलं. तिने सही केली, सावकाश, एकेक अक्षर दाबून, आणि मग अंगठ्याला शाई लावून घेतली. साक्षीदार म्हणून माझी पाळी आली. बाबूने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आपण कोण?

सांगण्यासारखं बरंच होतं. बाजारात माझं नाव होतं, व्यापारी संघाचा दाखला होता, लक्ष्मणराव शेजारीच उभे होते. पण मी मान ताठ केली, सदऱ्याची कॉलर सारखी केली, कोकिळाकडे हात केला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"मी यायच्या दुकानात बसतो."